बोटीवर भेटीची वेळ: चार ते पाच

प्रिय अक्का,

वाकून नमस्कार. (खरोखर वाकले तर उठवायला सुनेला हाक मारावी लागते, म्हणून हा कागदावरचाच पदरात घे.) तुझा उजवा गुडघा काय म्हणतो? डाव्याने अजून त्याची संगत धरली नसेल अशी आशा आहे. डोळ्यांत थेंब तू नेमाने घालत नाहीस हे मला न सांगता कळलं आहे, कारण मागच्या पत्रात तुझ्या ओळी उजवीकडे घसरत गेल्या आणि शेवटच्या तीन एकमेकींच्या अंगावर पडल्या. त्यातली मला रागावल्याची होती ती मात्र स्वच्छ वाचता आली. माझं म्हणशील तर बरं आहे. रक्तदाब गोळीचं ऐकतो, कान कोणाचंच ऐकत नाहीत. बाकी जे काही बिघडलं आहे ते समुद्राच्या बाबतीतलं आहे, आणि ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

झालं ते असं. नात, म्हणजे आमची थोरली, या वर्षी शाळा संपवते आणि पुढे शिकायला लांब जाते. चार वर्षं. तिच्या होस्टेलचा फॉर्म आला आणि भरायला अर्थात माझ्यापुढे ठेवला गेला, कारण तीस वर्षं मुलींच्या होस्टेलची रेक्टर राहिलेलं माणूस घरात मीच. दर वर्षी फाटकाशी रडणाऱ्या आयांना मी एकच वाक्य सांगत आले, की बाई, मुलगी शिकायला चालली आहे, लढायला नाही, डोळे पुसा आणि सही करा. आता 'पालकाची सही' या रकान्याशी पेन टेकवलं आणि माझंच वाक्य माझ्या तोंडात येईना. (सही शेवटी मुलाने केली. ती तशीही त्यालाच करायची होती.)

त्याच दिवशी जेवताना मी जाहीर केलं, की थोरली जाण्याआधी आपण पाचही जणांनी एक आठवडा कुठेतरी एकत्र जायचं. माझं मागणं एवढंच होतं, की सात दिवस ती मला दिसावी. मुलगा म्हणाला, क्रूझ बघू या. डोंगरावर नेलं तर पोरं खोलीतून निघत नाहीत, शहरात नेलं तर दुकानांतून निघत नाहीत, बोटीवरून कोण कुठे जाणार? मला हे फार पटलं. (तो पूल बांधतो, त्यामुळे पाण्याबद्दलचं त्याचं मत मी सहसा मान्य करते.) धाकट्याने, तो चौदाचा आहे, पिझ्झा दिवसभर मिळतो का एवढंच विचारलं. थोरलीने मोबाईलवरची नजरही काढली नाही. "तुम्ही जा. मी घर सांभाळते," म्हणाली, अगदी एखाद्या पोक्त बाईसारखी. तेव्हा तिच्या बापाने टेबलाखालून तिला पाय मारला असावा, कारण धाकटा कळवळला (नेम चुकला होता), आणि थोरली म्हणाली, "बरं. आमच्या वयाच्या मुलांना बरी असेल अशी बोट असेल तर बघते." 'बघते' म्हणजे 'नाही', हे मला अनुभवाने ठाऊक आहे. ती येणार नसेल तर मला बोटच काय, होडीही नको होती. पण सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हीच निवडा ना. या वयाच्या पोरांना तुमच्याइतकं कोण ओळखतं?" अक्का, मी फुलले. मनात म्हटलं, दीडशे मुली एका वेळी सांभाळल्या, दोन पोरांची बोट काय निवडायची. माणूस पाण्यात पाऊल टाकण्याआधीच कसं बुडतं ते पुढे वाच.

क्रूझची तिकिटं काढून देणारी कचेरी चष्म्यांच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर आहे. जिना अरुंद, भिंतीवर निळ्याशार समुद्राचं पोस्टर आणि त्याच्या बरोबर खाली, गळणाऱ्या एसीचं पाणी धरायला ठेवलेली बादली. टेबलाशी एक तरतरीत मुलगी बसते. तिने नाव सांगितलं होतं, पण ती प्रत्येक कागदाला दुसरा कागद टाचून देते, म्हणून आमच्या घरात तिला टाचणी म्हणतात. मी वही उघडली. होस्टेल बघायला येणाऱ्या पालकांनी मला जे विचारायला हवं होतं आणि तीस वर्षांत कोणी विचारलं नाही, ते सगळं मी तिला विचारलं. दिवसातून हजेरी किती वेळा? "हजेरी नसते, काकू." मग मुलं आहेत की नाहीत हे कळतं कसं? "चढताना कार्ड दाखवतात, उतरताना दाखवतात." म्हणजे मधले सात दिवस देवाच्या भरवशावर. ओले टॉवेल कुठे वाळत घालतात? दिवे किती वाजता बंद होतात? आजारी मुलगी निजवायची खोली जिन्यापासून किती पावलांवर? टाचणीने एकेक प्रश्न लिहून घेतला आणि शेवटी आदबीने विचारलं, की काकू, आपल्याला जहाज चालवायला घ्यायचंय की फक्त फिरायला जायचंय?

मग तिने तिच्या मते सर्वांत चांगली बोट दाखवली. सतरा मजले. पाण्याच्या घसरगुंड्या, चढायची भिंत, बर्फावर स्केटिंग (समुद्रावर बर्फ, आणि तोही पायाखाली, हे मला दोनदा समजावून घ्यावं लागलं), आणि बाराव्या मजल्यावर तेरा ते सतरा वयाच्या मुलांचा स्वतंत्र क्लब. तिथे मोठ्यांना दारातून डोकवायलाही बंदी. ही बंदी सांगताना टाचणीचा चेहरा उजळला. "पालक इतके खूश होऊन परत येतात, काकू. म्हणतात, आठवडाभर पोरं दिसलीसुद्धा नाहीत."

अक्का, मला सतरा मजल्यांच्या त्या चित्राकडे बघवेना. या वयाच्या मुलांना खरोखर बरी असेल अशी बोट म्हणजे ज्या बोटीवर ती आपल्याला दिसत नाहीत अशी बोट. हे मला न कळण्याइतकी मी खुळी नाही, नोकरीच त्यावर केली. पण मी काही थोरलीला सतरा मजल्यांत हरवायला निघाले नव्हते. आणि तेवढ्यात माझी नजर बादलीखाली गेली. फरशी ओली होऊ नये म्हणून तिथे एक माहितीपत्रक पसरलेलं होतं. मान तिरकी करून वाचलं. लहान बोट. तीन मजले, दोनशे माणसं. एक जेवणघर, एक बैठकीची खोली, वाचायला पुस्तकं, बंदर सुटलं की इंटरनेट नाही. मी मनातल्या मनात मांडणी केली. इंटरनेट नाही, म्हणजे मोबाईल मुका. बैठकीची खोली एकच, म्हणजे थोरली माझ्यासमोर. पहिल्या दिवशी चिडेल, दुसऱ्या दिवशी कंटाळेल, तिसऱ्या दिवशी आपण होऊन म्हणेल, आजी, काहीतरी सांग ना. टाचणी म्हणाली, "काकू, ती थोडी वेगळ्या प्रकारच्या लोकांसाठी आहे." मी म्हटलं, आम्ही वेगळ्याच प्रकारचे लोक आहोत, फॉर्म द्या.

आता फॉर्मची गोष्ट. तीन केबिन घ्यायच्या होत्या आणि कोण कुठे झोपणार ते तिथेच लिहायचं होतं. खोल्या वाटण्याचं काम मी इतकी वर्षं केलं आहे, की रकाने दिसले की हात आपोआप चालतो. घोरणारीबरोबर गाढ झोपणारी. लवकर उठणारीबरोबर उशिरा उठणारी, म्हणजे आरशापाशी भांडण होत नाही. दिवा लावून वाचत पडणारीला शक्यतो एकटीची खोली. त्या नियमाने मुलगा घोरतो म्हणून त्याच्याबरोबर धाकटा. सूनबाई वाचत पडते म्हणून ती एकटी. मी पाचाला उठते, थोरली दहाला, म्हणून आम्ही दोघी एकत्र. (हे नियमात बसत होतं. मनातही बसत होतं, पण ते फॉर्ममध्ये विचारलेलं नव्हतं.) सही केली, टाचणीने टाचणी टोचली आणि मी विजयी मुद्रेने घरी येऊन सांगितलं, की बोट ठरली, किशोरवयीन मुलांसाठी यापेक्षा योग्य बोट पाण्यावर नाही.

शनिवारी दुपारी जेवताना मुलाच्या मोबाईलवर बोटवाल्यांचं पत्र आलं आणि त्याने ते मोठ्याने वाचायला घेतलं. केबिन पहिली, मी आणि धाकटा. केबिन दुसरी, असं म्हणून तो थांबला आणि बायकोकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आई, आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली." मी म्हटलं, मला माहीत आहे, मी होते तिथे. "मग ही वेगळ्या केबिनमध्ये का?" माझी चूक माझ्या लक्षात आली आणि मी ती कबूल करणार, एवढ्यात सूनबाई खालमानेने भात कालवत म्हणाली, "राहू द्या की असंच." मुलगा पाणी प्यायला. "मी इतका घोरतो?" त्याने विचारलं. या प्रश्नाला तिघांनी एकदम मान डोलावली. त्याला सगळ्यात लागलं ते धाकट्याचं, कारण धाकटा घरात कशावरच इतक्या पटकन मत देत नाही.

या गोंधळात थोरलीकडे माझं लक्ष नव्हतं, आणि रेक्टरने हीच चूक करायची नसते. तिने बोटीचं नाव मोबाईलवर टाकलं होतं. दोन मिनिटांत तिला जे मिळालं ते मला कचेरीत तास घालवून मिळालं नव्हतं. (मिळालं असतं तर मी ते पान दुमडून ठेवलं असतं.) "प्रवाशांचं सरासरी वय एकाहत्तर," तिने शांतपणे वाचलं. "गेल्या आठवड्यातले कार्यक्रम. मंगळवार, रुमालाच्या घड्यांचे बारा प्रकार. बुधवार, सांधेदुखी आणि आपण." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, जेवण झालं की जरा माझ्या खोलीत ये."

अक्का, हे वाक्य मी किती मुलींना ऐकवलं असेल, त्याची गणतीच नाही. आता ते मला ऐकावं लागलं. तिच्या खोलीत खुर्चीवर कपडे होते म्हणून मी पलंगाच्या कडेला बसले. चोरी पकडली गेल्यावर मुली जे जे करतात ते सगळं मी त्याच क्रमाने केलं. आधी म्हटलं, मला माहीतच नव्हतं. मग टाचणीवर ढकललं. मग चष्मा पुसायला घेतला. ती थांबली, चष्मा पुसून होईपर्यंत. (मीही थांबायचे.) आणि म्हणाली, "आता खरं सांग. का केलंस?"

मी सांगितलं. म्हटलं, त्या मोठ्या बोटीवर तू मला दिसली नसतीस.

ती खुर्चीवरच्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली, जे ती कधीच करत नाही. मग म्हणाली, "मला का यायचं नव्हतं माहितीये? फॉर्म आल्यापासून या घरात कोणी माझ्याशी नीट बोलतच नाही. आई मला वाढताना हळवी होते. बाबा मधेच येऊन डोक्यावर हात ठेवतात आणि निघून जातात. धाकट्याने त्या दिवशी रिमोट आपणहून दिला, आजी. आणि तू तर माझ्याकडे अशी बघतेस जशी मी फोटोत आहे. घरात निदान दार लावून घेता येतं. सात दिवस, चहूकडे पाणी, आणि तुम्ही चौघं माझ्याकडे असे बघताय. मी पळू कुठे?"

मी तीस वर्षं मुली घरून येताना बघितल्या, पण घरून निघताना त्यांचं काय होतं हे माझ्या कामात कधी आलंच नव्हतं. फाटकाच्या आतल्या बाजूचं मला सगळं ठाऊक. बाहेरच्या बाजूचं मला एका सतरा वर्षांच्या मुलीने घड्या घालता घालता सांगितलं.

मग आम्ही करार केला. तिनेच कागद घेतला. बोट मोठी, सतरा मजली. 'शेवटचं' हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. खाताना फोटो काढायचे नाहीत. आईबाबा एका केबिनमध्ये, ती आणि धाकटा शेजारच्या, कारण क्लबमधून येता-जाता कोणाची झोपमोड नको. आणि रोज दुपारी चार ते पाच ती मला भेटणार, डेकवर, फक्त आम्ही दोघी. उरलेल्या तेवीस तासांत मी तिला शोधायचं नाही. मी साडेपाचपर्यंत मागून पाहिलं. ती म्हणाली, "पाच." मी सही केली. या वेळी पेन अडलं नाही.

तिच्या खोलीतून जिना उतरताना मला आपला रविवार आठवला, अक्का. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगमध्ये भेटीची वेळ चार ते पाचच होती. त्या लांब व्हरांड्यात बाबा बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसायचे, मार्क विचारायचे, आईची खुशाली सांगायचे, आणि मग बोलण्यासारखं काही उरायचं नाही. आपल्याला मैदानावरचा खेळ ऐकू येत असायचा. पावणेपाचलाच आपले पाय बाकाखाली हलायला लागायचे. तुझे जास्त, पण माझेही. सिस्टरने घंटा वाजवली की आपण पळायचो, आणि बाबा दोन बस बदलून आलेले दोन बस बदलून परत जायचे. ते पाय त्यांना दिसत होते का, हे इतक्या वर्षांत मी एकदाही मनात आणलं नव्हतं. तुला आठवतं का? तू मोठी होतीस, तुला जास्त आठवत असेल. मला वाटतं, दिसत होते. आणि तरी ते पुढच्या रविवारी यायचे.

तर असं आहे. सोमवारी मी परत कचेरीच्या जिन्याने वर गेले आणि टाचणीला सांगितलं, की ती पोरं न दिसणारी बोट द्या. तिने फॉर्म पुढे केला आणि केबिनचे रकाने स्वतः भरायला घेतले. बाकी इथे सगळं ठीक. तुझ्या शेजारणीला माझी आठवण सांग, आणि तिचं मांजर तुझ्या उशीवर झोपू देऊ नकोस, शिंका त्यानेच येतात.

तुझी, खोल्या वाटण्याच्या कामावरून नुकतीच निवृत्त झालेली,
बहीण

ता. क. एक बारीकसं काम होतं. तिसऱ्या केबिनमध्ये मी एकटीच उरते आणि पलंग दोन आहेत. तू चल. तुला पाण्याची भीती वाटते हे मी विसरलेले नाही, पण टाचणी शपथेवर सांगते, की त्या बोटीवर पाणी मुद्दाम शोधायला गेलं तरच दिसतं. मला एकटीने झोपायला काही होत नाही. मला रोजच्या त्या तेवीस तासांसाठी माणूस हवं आहे. बाराव्या मजल्याचं बटण दाबायला माझं बोट पुढे झालं, की ते धरून ठेवेल असं. या घरातलं कोणीही ते करायला धजणार नाही, आणि तुझ्याखेरीज मला कोणी रागावून घेतलेलं चालत नाही.

ता. क. २. वरची विनंती वाचून विचारात पडू नकोस. तुझं नाव मी सोमवारीच भरलं आहे. 'पोहता येतं का' या प्रश्नापुढे हो लिहिलं, कारण नाही लिहिलं तर एक जास्तीचा कागद भरावा लागत होता. सूनबाईने विचारलं आहे, की मावशींना घोरणारं माणूस चालेल का. चालत असेल तर ती केबिनची अदलाबदल करायला तयार आहे.

ता. क. ३. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर वाचायच्या म्हणून पत्र उघडं द्यावं लागायचं, त्याची सवय अजून गेलेली नाही. हे पाकीट न चिकटवताच थोरलीकडे टपालात टाकायला देते आहे. ती वाचणार नाही. मुलींना मी ओळखते.

(निळ्या पेनने, वेगळ्या अक्षरात) अक्काआजी, मी थोरली. वाचलं. आजीने एक गोष्ट लिहिली नाही. करार झाल्यापासून ती रोज चार वाजता सराव म्हणून माझ्या खोलीत येऊन बसते. बोलत काहीच नाही, विणत बसते. पाच वाजले की 'झाली वेळ' म्हणते आणि जाते. मी आपला अभ्यास करते. काल पाच वाजले तेव्हा तिचा डोळा लागला होता. मी तिला उठवलं नाही. सहा वाजून गेले तरी नाही. हे तिला सांगू नकोस, मी खोलीतलं घड्याळ मागे केलं होतं, तिला वाटतंय ती पाचला गेली. तू नक्की ये. मला शोधायचं नाही हे तिला जमेल, पण पाच वाजले की उठून जायचं, हे कोणीतरी तिला विसरायला लावलं पाहिजे, आणि ते मी माझ्या तोंडाने कसं सांगू?